कोल्हार-घोटी रस्त्याचं दुसरं टोक

मागं एकदा गावातल्या पोरांच्या ग्रुपवर विषय निघाला, सुट्टीत कुठं जायचं. एकाने मलेशियातल्या कुठल्याशा राष्ट्रीय उद्यानाचे फोटो टाकले. वर्षावन, झाडांच्या शेंड्यांवरून जाणारे झुलते पूल, धुकं. दुसरा म्हणाला, एवढ्या लांब कशाला, केरळात सायलेंट व्हॅली आहे. तिसऱ्याने लिहिलं, "आपल्याकडं जंगल कुठलं आलं, आपल्याकडं ऊस." त्यावर सगळे हसले आणि विषय संपला.

मी तेव्हा काही बोललो नाही. चार ओळींत सांगण्यासारखं नव्हतं ते. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण निवांत वाचा, कारण यात आपल्या घरातल्या नळापासून रानातल्या बिबट्यापर्यंत सगळं येणार आहे.

आपल्या गावातून लोणीकडे जो रस्ता फुटतो, त्याला सरकारी कागदावर नाव आहे कोल्हार-घोटी राज्यमार्ग. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, बारी आणि मग घोटी. रस्त्यावरचा खड्डा असो की अपघात, पेपरात बातमी येते ती "कोल्हार-घोटी मार्गावर" अशीच. म्हणजे शंभरेक किलोमीटर वर, कळसूबाईच्या पायथ्याला राहणारा माणूससुद्धा रोज आपल्या गावाचं नाव घेतो. आपण मात्र त्या टोकाला काय आहे याचा विचार फक्त पावसाळी सहलीपुरता करतो.

तर तिथं काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे पाऊस. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पडला तर आपण वर्ष चांगलं गेलं म्हणतो. घाटघर, रतनवाडी, साम्रद या पट्ट्यात पाच हजारांच्या घरात पाऊस पडतो. एकाच नदीचं खोरं, आज एकच जिल्हा, मोटरसायकलवर तीन तासांचं अंतर, आणि पावसात दहापट फरक. समुद्रावरून येणारे ढग कोकणकड्याला, रतनगडाला, अलंग-मदन-कुलंगच्या भिंतीला धडकतात आणि तिथंच रिते होतात. आपल्यापर्यंत पोचतो तो उरलासुरला. आपली प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते ती याच पावसावर.

एवढा पाऊस म्हटल्यावर जंगल आलंच. वनस्पतीशास्त्रवाला माणूस त्याला सरसकट वर्षावन म्हणणार नाही. पठारावर गवत आणि कारवी, उतारावर पानगळीची आणि निमसदाहरित झाडं, आणि घळीत, देवरायांत मात्र बारमाही हिरवी दाट राई: जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा, उंबर, त्यावर मनगटाएवढे वेल. खऱ्या अर्थाने सदाहरित म्हणावं असं आपल्या राज्यातलं मोठं जंगल दक्षिणेला आहे, कोयना, चांदोली, राधानगरीकडे. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा, त्यातलं घाटमाथ्यावरच्या पावसाच्या जंगलातलं एकच, चांदोली. आपल्या वरचं जंगल राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे: कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, साधारण ३६२ चौरस किलोमीटरचं, आणि सगळंच्या सगळं अकोले तालुक्यात. उद्यान आणि अभयारण्य यात काय फरक आहे हे पुढे येईल. तो कागदी फरक नाही, त्यावर माणसांची घरं अवलंबून असतात.

आता थोडं मागं जाऊ.

या डोंगरांत प्राणी-पक्षी बघायला म्हणून फिरलेला आणि ते लिहून ठेवलेला पहिला नावाजलेला पाहुणा म्हणजे विल्यम हेन्री साईक्स. कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखाची मोजदाद करायला त्याला नेमला होता, आणि मोजदाद करता करता हा गडी पक्षी, मासे, प्राणी सगळं टिपत सुटला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खालच्या ढगात पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध स्वतःची सावली दिसते, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो, त्याची नोंद १८३५ मध्ये साईक्सच्या नावाने छापली गेली. आज कोकणकड्यावर पोटावर झोपून मोबाईल धरणारी पोरं ज्याची वाट बघतात ते हेच.

त्याच साईक्सने १८३१ मध्ये सह्याद्रीतल्या शेकरूचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला मुंबईचा माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन याचं नाव दिलं. शेकरू आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. झाडावरून झाडावर वीस-वीस फूट झेप घेणारी ती तांबूस, झुपकेदार शेपटीची मोठी खार. तिला शेकरू हे नाव या डोंगरातल्या माणसांनी कधीच दिलेलं होतं. पण पुस्तकात गेलं ते साहेबाचं. माझा साईक्सवर राग नाही, उलट त्याने लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. फक्त नावांचा हा प्रकार लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

ही डोंगरातली माणसं म्हणजे प्रामुख्याने महादेव कोळी, शिवाय ठाकर आणि इतर. गडांच्या वाटा, घाट, खिंडी यांची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. कंपनी सरकार आलं तसे गड निकामी केले गेले, राखणीची वतनं गेली, आणि डोंगरात सावकार शिरला. त्यातून जे पेटलं त्याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. १८४० च्या दशकात त्यांनी सावकारांवर आणि सरकारवर हत्यार उचललं, हे सगळं खोरं त्यांना लपवत होतं, शेवटी पंढरपुरात धरले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. १८५७ च्या नऊ वर्षं आधी. मी शाळेत असताना आपल्या वर्गात हे नाव ऐकल्याचं मला आठवत नाही. नदी एकच असून.

पुढं १८७८ चा वन कायदा आला. ज्या रानातून लाकूडफाटा, हिरडा, मध, गवत आणायचं, ते एका सहीने सरकारचं झालं. भातासाठी राब भाजणं हा तर रोजचा तंटा. झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत, शेण पसरून रोपाची जागा भाजायची, म्हणजे तण मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. डोंगरातल्या शेतकऱ्याला ही शेती, सरकारला ही जंगलाची नासाडी. ठाणे-कुलाब्यात याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग बसवावा लागला. वनखातं आणि डोंगरातला माणूस यांच्यातली ओढाताण तेव्हापासूनची आहे. आज अभयारण्याच्या गेटवर तुम्हाला पावती फाडताना जो अबोला जाणवतो ना, त्याचं वय दीडशे वर्षांच्या आसपास आहे.

आता खाली या, आपल्याकडे.

एकोणिसाव्या शतकात आपला हा भाग म्हणजे दुष्काळाचं घर. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा. जुन्या माणसांच्या तोंडी छप्पनचा दुष्काळ म्हणून जो यायचा तो हाच शेवटचा, संवत १९५६ चा. काळी कसदार जमीन, पण वर बघत बसायचं. प्रवरेवर ओझरचा आणि लाखचा असे छोटे कालवे एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. पण ते नदीच्या वाहत्या पाण्यावर, म्हणजे पाऊस असेल तेव्हा पाणी आणि गरज असेल तेव्हा कोरडं. साठा वर करायला हवा होता. १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग बसला, दुष्काळी भागासाठी धरणं बांधायचं धोरण ठरलं, आणि १९१० मध्ये भंडारदऱ्याचं काम सुरू झालं.

सोळा वर्षं लागली. दगड आणि चुना, २७० फूट उंची, अकरा टीएमसीचा साठा. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी हे एक. १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन याच्या हस्ते लोकार्पण झालं. धरणाला नाव पडलं विल्सन डॅम, पाण्याला नाव पडलं आर्थर लेक. म्हणजे खार एल्फिन्स्टनची, भिंत विल्सनची आणि तळं आर्थरसाहेबाचं. ज्यांची भातखाचरं त्या तळ्याखाली गेली त्यांचं नाव कुठंच नाही. त्याच वर्षांत मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट लढत होते, तो सत्याग्रह आपण पाठ्यपुस्तकात वाचला. भंडारदऱ्याच्या बुडिताची गोष्ट आपल्याकडे कोणी सांगितली नाही, कारण आपण त्या गोष्टीत फायद्याच्या बाजूला होतो.

फायदा किती? बाहेर बघा. भंडारदऱ्यातून सोडलेलं पाणी नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून डावा आणि उजवा कालवा. कोल्हार बुद्रुक आणि पलीकडचं कोल्हार खुर्द, नदीच्या दोन काठांवरची दोन गावं, दोघांच्याही शिवाराचं नशीब याच पाण्याने पालटलं. १९२० च्या दशकात हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला तो या पाण्याच्या भरवशावर. मग १९५० मध्ये लोणीला शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा, सहकारातला आशियातला पहिला म्हणून ज्याचा आपण सगळीकडे अभिमानाने उल्लेख करतो. शाळा, कॉलेजं, दवाखाने, पतसंस्था, दूध संघ, सगळं त्या मागून आलं. आवर्तन कधी सुटणार, चारीला पाणी कधी येणार, सात नंबरचा फॉर्म भरला का, हे आपल्या घरातले शब्द झाले.

गाडगीळांचं आणि विखे पाटलांचं कर्तृत्व मोठंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या कर्तृत्वाला लागलेलं भांडवल रतनगडाच्या उतारावर पडलेला पाऊस होता, आणि तो धरून ठेवणारं जंगल होतं. उतारावर झाडं आणि माती आहे तोवर पाणी हळूहळू झिरपत ओढ्यांना येतं. माती सुटली की तीच धरणात गाळ होऊन बसते. भंडारदऱ्याच्या आयुष्याचा हिशेब शेवटी त्या उतारावरच होतो.

धरणाची एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सप्टेंबर १९६९ मध्ये भंडारदऱ्याच्या भिंतीला तडे गेले, गळती वाढली. पानशेत फुटून तेव्हा आठच वर्षं झाली होती. भिंतीला खालच्या अंगाने दगड-काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन धरण सावरलं गेलं. आज तिथं उभं राहून सेल्फी काढताना भिंतीला लागून जे जाड खांबासारखे भाग दिसतात ते त्या दुरुस्तीचे. ज्यांचं सगळं काही त्या भिंतीच्या खाली आहे अशा आपण लोकांनी एकदा तरी ते नीट बघावेत.

आणि मग निळवंडे. त्याला १९७० मध्ये मंजुरी मिळाली आणि कालव्यांना पाणी सुटायला २०२३ साल उजाडलं. या त्रेपन्न वर्षांवर वेगळी पोस्ट लागेल, इथं एवढंच की अकोले तालुक्यातल्या आणखी काही गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि पाणी पुन्हा खाली आलं.

आता बिबट्याकडे येतो. तो विषय आपल्याकडे गाजतोय, पण बहुतेक जण तो "जंगलातून आला" या वाक्याने सुरू करतात.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीच्या भागात, म्हणजे अभयारण्यात नव्हे, ऊस-मक्याच्या रानात कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा त्या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरमागे सरासरी जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. तरसंही जवळपास तेवढीच. हरणं, सांबरं वगैरे शिकार तिथं नाहीच. मग खातात काय? विष्ठा तपासल्यावर कळलं की त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, आणि पाळीव जनावरं धरली तर जवळजवळ सगळंच आपल्या दारातलं.

हे वाचलं तेव्हा मला साखळी दिसली. वरच्या जंगलाचं पाणी खाली आलं, पाण्याने ऊस आला, बारा महिने उभा, गर्द, आत दिवसा अंधार. बिबट्याला ते जंगलच. मादी उसात वितेते, पिल्लं उसात मोठी होतात, तोडणीला टोळी आली की सापडतात. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी रतनगड पाहिलेला नसेल. तेव्हा ग्रुपवरच्या तिसऱ्या भावाला सांगायचंय की तू विनोदाने बोललास, पण आपल्याकडं ऊस हेच जंगल झालंय. आणि ते विनोदाचं राहिलेलं नाही, जिल्ह्यात माणसांचे जीव गेलेत, लहान पोरांचे गेलेत. बिबट्या पकडून "जंगलात सोडा" असं आपण ठणकावून सांगतो. कुठल्या जंगलात? वर, रतनवाडीच्या माणसांच्या दारात? त्यांनाही पोरं आहेत, शेळ्या आहेत. हा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारला नाही म्हणून इथं विचारतोय.

उद्यान आणि अभयारण्य यातला फरक सांगायचा राहिला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोन्ही आहेत. राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क जवळजवळ संपतात: चराई नाही, शेती नाही, वस्ती नाही. अभयारण्यात काही हक्क परवानगीने राहू शकतात. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. तिथल्या गावांना उठावं लागलं, आणि खाली मिळालेल्या जमिनी, गावठाणं, पाणी यासाठी त्यांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालली. आज चांदोलीत ट्रेकला जाणाऱ्याला दाट जंगल दिसतं, मध्येच एखादं जोतं दिसतं, आंब्याचं लावलेलं झाड दिसतं. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं त्यात कास, कोयना, चांदोली, राधानगरी आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड त्यात नाही.

आपल्या वरच्या अभयारण्यात गावं अजून आहेत. घाटघर, साम्रद, रतनवाडी, उडदावणे, पांजरे, पाचनई. म्हणून तिथं गेल्यावर जंगल आणि भातखाचर आलटूनपालटून दिसतं, अमृतेश्वराच्या हेमाडपंती देवळासमोर म्हशी बसलेल्या दिसतात. काहींना ते खटकतं, "हे कसलं अभयारण्य" म्हणतात. मला वाटतं तिथल्या देवराया राहिल्या त्या गावांमुळेच. देवाच्या रानातली काडी उचलायची नाही हा नियम वनखात्याने घातलेला नाही. हिरडा झाडावरून उतरवायचा तर झाड जपावंच लागतं, कारण पुढच्या वर्षी मीठमिरची त्यावरच येते. मात्र गावांमुळे नुकसान होतच नाही असंही मी म्हणणार नाही. वणवे लागतात, आणि सगळे आपोआप लागत नाहीत.

या गावांना बाहेरून येणाऱ्यांचा पैसा गेल्या पंधरा-वीस वर्षांत दिसू लागला. आधी ट्रेकर्स, मग सांधण दरी बघायला येणारे, मग काजवे. काजव्यांचा हंगाम मे अखेर ते जूनचा मध्य, पहिला मोठा पाऊस लागेपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर लाखोंनी बसतात आणि एका तालात लुकलुकतात. पूर्ण झाड पेटतं-विझतं. ज्याने पाहिलं नाही त्याला शब्दांत सांगून कळणार नाही.

पण ते काय चाललेलं असतं हे कळलं की गर्दीत उभं राहायची लाज वाटते. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून ओल्या मातीत, पालापाचोळ्यात जातं, गोगलगायी खात. पंख फुटून उडायला मिळतात ते शेवटचे काही दिवस, आणि त्यात जोडीदार शोधायचा एकच मार्ग, उजेडाची खूण. त्या खुणेवर आपण एसयूव्हीचा हेडलाईट मारतो. ज्या पाचोळ्यात मादी अंडी घालणार त्यावर गाडी लावतो, झाडाखाली उभे राहून फांद्या हलवतो, बाटलीत भरून पोरांना देतो. वनविभाग दर हंगामाला नियम काढतो. शनिवारी रात्री शेंडीपासून गाड्यांची रांग लागली की नियम रांगेत अडकतात.

त्या रांगेतल्या नंबर प्लेट मी बघितल्यात. मुंबई, पुणे, नाशिक असतातच. पण एमएच १७ सुद्धा कमी नसतात. श्रीरामपूरची पासिंग, म्हणजे आपल्याच गाड्या. एका गाडीत मीही होतो, तीन वर्षांपूर्वी, आणि आमच्याही गाडीत गाणी लावलेली होती. उडदावण्याच्या पुढे एका घरासमोर गाडी वळवायला थांबलो तर अंगणात खाटेवर बसलेली म्हातारी म्हणाली, "बाबा, दिवा बारीक कर, पोर आत्ता निजलंय." काजव्यांचं नाव नाही, पोराचं नाव. कुठून आलात विचारलं. कोल्हार म्हटल्यावर म्हणाली, "म्हंजे रस्त्याच्या पार खालच्या टोकाचं." तिला आपलं गाव माहीत होतं. उन्हाळ्यात तिच्या घरचे आपल्याकडे कांदे काढायला येऊन गेलेले.

ते मला माहीत असायला हवं होतं. अकोल्याच्या डोंगरातली माणसं भाताची कापणी झाली की कामाला खाली उतरतात, हे काही गुपित नाही. पाच हजार मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या गावात उन्हाळ्यात बाया झऱ्यावर रांग लावतात, हेही नाही. पाणी डोळ्यासमोर असतं, धरणात. ते खाली जायचं असतं.

एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहून लोणीकडे मोर्चा निघाला होता, आठवत असेल. हजारो शेतकरी, त्यात आदिवासी मोठ्या संख्येने, भर उन्हात पायी. वनजमिनी नावावर करा, हिरड्याच्या नुकसानीची भरपाई द्या, दुधाला भाव द्या अशा मागण्या. संगमनेर तालुक्यात धांदरफळला मंत्री जाऊन भेटले, चर्चा झाली आणि मोर्चा तिथं थांबला. आपल्याकडे तेव्हा चर्चा एवढीच की वाहतूक वळवणार का. वनहक्काचा कायदा २००६ चा आहे. कसत असलेली जमीन नावावर व्हावी आणि गावाला त्याच्या जंगलाचा सामुदायिक हक्क मिळावा ही त्यातली तरतूद. जंगल राखायचा अधिकार ज्या गावाच्या हातात कागदोपत्री असेल ते गाव शनिवारी रात्री किती गाड्या आत सोडायच्या हेही ठरवू शकेल. आज त्यांच्या अंगणातून रांग जाते आणि पावती दुसराच फाडतो.

आता एक चांगली गोष्ट. भंडारदऱ्याच्या जलाशयाला आता अधिकृतपणे आद्यक्रांतिकारक वीर राघोजी भांगरे यांचं नाव मिळालंय. विल्सन आणि आर्थर गेले. उशीर झाला, पण झालं. आपल्या कालव्यातून जे पाणी येतं ते त्या नावाच्या जलाशयातून येतं, हे पोरांना सांगायला हरकत नाही.

तर ग्रुपवरच्या मंडळींसाठी. मलेशियाला जरूर जा, पैसे असतील तर. त्याआधी मी येत्या मे अखेरीस वर जाणार आहे, शनिवार-रविवार सोडून, मंगळवार-बुधवार. गाडी शेंडीला लावायची, पुढं गावातल्याच जीपने. मुक्काम आणि जेवण रतनवाडीत एका घरी, पिठलं आणि नागलीची भाकरी. सकाळी उजाडायच्या आत गावातला वाटाड्या घेऊन रतनगडाच्या रानात, शेकरू दिसायची तीच वेळ, आणि नशीब असेल तर शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते, कोणीतरी पोरगं रमतगमत शिट्टी वाजवत चाललंय असं वाटतं. वाटाड्याला जे ठरेल ते पूर्ण द्यायचं, घासाघीस करायची नाही. दुपारी धरणाच्या भिंतीचे ते टेकू बघायचे. रात्री काजवे, चालत, टॉर्चला लाल कागद लावून.

सात-आठ जणांपुरती सोय आहे. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा. स्पीकर आणणाऱ्यांनी कळवू नका.